किटली पक्षाचा वाढदिवस

ज्या केबिनमध्ये बसून मी हे लिहितो आहे ती माझी आहे, असं मला अजून वाटत नाही. दारावर पाटी माझ्या नावाची आहे. खुर्ची नवी घेतली आहे. एसीचा रिमोट माझ्याच खणात असतो. तरी सकाळी आत शिरण्याआधी मी दारावर टकटक करतो. मग बाहेरून आमचा वसईचा ग्रेगरी ओरडतो, "अरे, तू आत नाहीयेस! जा सरळ!"

ही केबिन सदरसाहेबांची. सदर म्हणजे त्यांच्या भाषेत अध्यक्ष. ते आमच्या शेजारच्या देशातल्या एका पक्षाच्या परदेश शाखेचे अध्यक्ष होते. देशाचं नाव मी लिहीत नाही. पक्षाचंही नाही, कारण त्या पक्षात माणसं इतकी थोडी की नाव लिहिलं तर सगळेच ओळखू येतील. परदेश शाखेत तर एकटे तेच होते. "मोठ्या पक्षाला कार्यकर्ते असतात," ते म्हणायचे, "लहान पक्षाला नातेवाईक असतात. मला इथे नातेवाईक नाहीत, त्याला मी काय करू?"

इथे आखातात, रास अल खोरच्या घाऊक बाजारात आमची कांदा आणि फळं आयात करणारी कंपनी. ते ऑपरेशन्स मॅनेजर, मी त्यांच्या हाताखाली कस्टमची कागदपत्रं बघणारा. गोदामात आमचा नाशिकचा कांदा आणि त्यांच्याकडचा कांदा शेजारी-शेजारी रचलेला असे. भारताने निर्यात थांबवली की त्यांच्या कांद्याला भाव यायचा आणि ते मला चहा पाजायचे. "मराठे, तुझ्या सरकारचे आभार मान. आमची इतकी काळजी आमचं सरकारही घेत नाही." मी मराठा नाही, हे त्यांना अनेकदा सांगून झालं होतं. आम्ही हिंदीत बोलायचो. ते तिला उर्दू म्हणायचे. या एका मुद्द्यावर आम्ही कधी मतदान घेतलं नाही.

बाकी प्रत्येक गोष्टीवर घेतलं. दुपारी जेवण केरळच्या हॉटेलातून मागवायचं की पठाणाच्या, यावर मतदान. एसी बावीसवर की चोवीसवर, यावर मतदान. आमच्या ऑफिसात केरळची मंडळी पाच आणि फिलिपिनो चार. पाच जणांना चोवीस हवं असायचं, चौघांना बावीस. ग्रेगरी, मी आणि सदरसाहेब हे उरलेले तिघे. मी ज्याने शेवटचं विचारलं त्याला हो म्हणायचो आणि दुसऱ्याबद्दल दिवसभर वाईट वाटून घ्यायचो. ग्रेगरी भर ऑगस्टमध्येसुद्धा तटस्थ. सदरसाहेब मात्र उठायचे, वास्कटाची बटणं लावायचे आणि म्हणायचे, "हाऊसची परवानगी असेल तर." मग दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलायचे. शेवटी एसी तेवीसवर यायचा आणि आठवडाभर दोन्ही बाजूंकडून त्यांना केळ्याचे वेफर्स आणि सुके आंबे मिळायचे. "बघ," ते मला म्हणायचे, "एक मत. पण शेवटी दिलं."

ते वास्कट ही आणखी एक गोष्ट. चाळीसच्या वर पारा गेला तरी अंगात काळं लोकरी वास्कट. त्याच्या आतल्या बाजूला एक बिल्ला टाचलेला होता, पितळी किटलीचा. किटली ही त्यांच्या पक्षाची निशाणी. फार वर्षांपूर्वी तिकडे लष्कराचं राज्य आलं तेव्हा त्यांच्या वडिलांना न्यायला जीप आली. सल्लागार मंडळात या, नाहीतर तुरुंगात या, असा निरोप होता. वडिलांनी जीपमधल्या माणसांना चहा दिला, त्यांचे कप धुतले आणि किटली बगलेत मारून तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर त्यांनी पक्ष काढला. "बिल्ला बाहेरून का लावत नाही?" मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच शरमलो.

कारण इथे परदेशी माणसाने राजकारण करायचं नसतं, हे आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक. सभा नाही, घोषणा नाही, झेंडा नाही. सदरसाहेब कायदा पाळणारे. म्हणून ते वाढदिवस करायचे.

त्यांच्या पक्षाचं काहीही झालं की ऑफिसात केक यायचा. केकवर लिहिलेलं असायचं 'हॅपी बर्थडे किटली' आणि वर आकड्याची मेणबत्ती. आकडा म्हणजे पक्षाकडे असलेल्या जागा. आम्ही टाळ्या वाजवत गाणं म्हणायचो, ते मेणबत्ती विझवायचे, झालं. केक आणायचं काम माझ्याकडे, कारण अल मनखूलला माझ्या बिल्डिंगच्या खालीच शाजीची बेकरी. शाजीची समजूत अशी होती की किटली हे कुणाच्या तरी मुलीचं लाडाचं नाव आहे आणि ती मुलगी काही केल्या वाढत नाही. गेली पाच वर्षं ती एक वर्षाचीच होती. "साहब, बेबी को डॉक्टर को दिखाओ," तो मला एकदा काळजीने म्हणाला. त्याला खरं सांगितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. केकचा उरलेला तुकडा घरी आणला की ती म्हणायची, "अंकल हॅज सो मेनी बर्थडेज! हाऊ ओल्ड इज ही?"

बायको म्हणायची, "दुसऱ्या देशाच्या निवडणुकीचा केक खाता तुम्ही. आईंना फोनवर सांगू का?"

मी 'नको' म्हणायचो. पण खायचो.

मग ती निवडणूक आली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर किटलीला तीन जागा दिसल्या. सदरसाहेबांनी तिथल्या तिथे मला शाजीकडे फोन करायला लावला. सकाळी मी तीनची मेणबत्ती लावलेला केक घेऊन पोचलो तर ते केबिनच्या दारात उभे. "दोन कर," म्हणाले. रात्रभरात एक जागा गेली होती. संध्याकाळी त्यांचा उमेदवार चांगला पुढे होता, सकाळी मागे होता, आणि मधल्या वेळात मोजणीच्या केंद्रावर वीज नव्हती.

"अंधारात मोजली वाटतं," ग्रेगरी म्हणाला.

"नाही. मोजणाऱ्यांना उजेड लागतच नाही. त्यांना आकडे पाठ असतात." आणि ते स्वतःच खो खो हसले.

तिकडे देशभर अशीच ओरड चालली होती. ज्यांना लोकांनी मतं दिली असं सगळे म्हणत होते त्यांच्या जागा कमी झाल्या होत्या. ज्यांच्या डोक्यावर लष्कराचा हात होता त्यांच्या वाढल्या होत्या, पण सरकार बनेल इतक्या नाही. दोन कमी पडत होत्या. आणि ज्याच्याकडे बरोबर दोन जागा होत्या असा एकच पक्ष अजून कुठेही गेलेला नव्हता.

किटलीला राजधानीतून फोन यायला लागले. एक मंत्रिपद देऊ. गेलेल्या जागेची फेरमोजणी करू, इन्शाल्ला मतं सापडतील. परदेशातल्या नागरिकांसाठी एक सल्लागार नेमू, झेंड्याची गाडी, राजधानीत बंगला. परदेशात राहिलेला किटलीचा अनुभवी माणूस एकच होता.

पक्षाची मध्यवर्ती समिती पाच जणांची. सदरसाहेबांचे थोरले भाऊ, निवडून आलेला पुतण्या, मामा, एक म्हातारे वकील आणि परदेश शाखेचे अध्यक्ष. भाऊ आणि पुतण्या म्हणत होते, जाऊ. मामा आणि वकील म्हणत होते, नको. म्हणजे त्या देशात सरकार बनणार की नाही, हे रास अल खोरच्या एका कांद्याच्या गोदामात ठरणार होतं. ही गोष्ट कळल्यावर ग्रेगरीने त्यांना उठून सलाम ठोकला. "सर, आता तरी एसी बावीसवर करा!"

हसत होतो आम्ही, पण सदरसाहेबांना ते जड जात होतं. वीस वर्षांवर ते इथे होते. बायको तिकडे, मुलगे तिकडे मोठे झाले, नातवंडांना हे फक्त फोनवर दिसणारे. चहा पिताना ते एकदम म्हणायचे, "आमच्या अंगणात जांभळाचं झाड आहे. मी लावलं. फळ एकदाही खाल्लं नाही." आणि एका दुपारी ते मला मीना बाजारात घेऊन गेले. काय घ्यायचं ते सांगितलं नाही. एका शिंप्याच्या दुकानात शिरले आणि हात पसरून उभे राहिले. शेरवानीचं माप.

"मत दिलंत का?" मी विचारलं.

"अजून नाही. पण शिवायला वेळ लागतो ना."

शिंपी त्यांच्या छातीवरून टेप फिरवत होता आणि ते आरशात बघत होते. त्या आरशात मला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले. परत येताना गाडीत म्हणाले, "मराठे, तू माझ्या जागी असतास तर?"

इथे मला एक सांगायला हवं. आदल्याच दिवशी मी घरी हे सगळं सांगितलं होतं आणि बायको पोळी लाटता लाटता म्हणाली होती, "मग ते गेले तर त्यांच्या जागी कोण?" मी म्हटलं, काहीतरीच काय. पण तेव्हापासून ती केबिन माझ्या डोक्यात शिरली होती. ऑफिसातली एकमेव खिडकी तिला. पगारातला फरक मी दिरहममध्येही काढला होता आणि रुपयांतही. आणि आता तो माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून मला विचारत होता.

"मी असतो तर हो म्हटलं असतं," मी म्हणालो. "घरी जायला मिळतंय. वीस वर्षं झाली."

"हं," ते म्हणाले आणि सिग्नलला गाडी थांबवली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या चहापर्यंत मी कसाबसा तग धरला. मग त्यांच्या केबिनमध्ये गेलो, दार लावलं आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. केबिन, खिडकी, पगार, बायकोची पोळी, सगळं. "काल मी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी बोललो," मी म्हणालो.

सदरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि दार उघडून ओरडले, "ग्रेगरी! इकडे ये! मराठेसुद्धा आघाडीत सामील झाला!"

मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बस खाली, बस. अरे, भावाला मंत्रिपद हवंय, पुतण्याला झेंडा हवाय, तिकडच्यांना सगळा देश हवाय. आणि तुला एक खिडकी! या सगळ्या भानगडीत सर्वांत लहान पक्ष तूच आहेस. तुझी मागणी मी विचारात घेतली आहे, असं लिहून ठेव."

"हा रडतोय, सर," ग्रेगरी म्हणाला.

"रडू दे. लहान पक्षांना तेवढं स्वातंत्र्य असतं."

समितीची बैठक शुक्रवारी ठरली. फोनवरूनच. शुक्रवारी आमचं ऑफिस दुपारी सुटतं, पण बाहेर फोर्कलिफ्टचा आणि ट्रकांचा गलका इतका की केबिनमध्ये ऐकू येईना. म्हणून सदरसाहेब फोन घेऊन सफरचंदांच्या कोल्ड रूममध्ये गेले आणि साक्षीदार म्हणून ग्रेगरीला आणि मला बरोबर नेलं. जाड दार बंद झालं आणि एकदम शांतता झाली. दोन डिग्रीत आम्ही दोघं कुडकुडत होतो. वास्कट घातलेले सदरसाहेब मात्र आरामात खोक्यांनी रचलेल्या एका पॅलेटला टेकून उभे होते. इतक्या वर्षांत त्या वास्कटाला पहिल्यांदाच न्याय मिळाला.

फोन स्पीकरवर. दोन हो, दोन नको, हे पुन्हा एकदा झालं. मग थोरल्या भावाचा आवाज आला, "आता तू बोल. आणि लवकर बोल, बाहेर गाडी उभी आहे."

"हाऊसची परवानगी असेल तर," सदरसाहेब म्हणाले. "गाडी कुणाची?"

"सरकारी."

"कुठलं सरकार? ते अजून बनायचंय ना?"

तिकडे कुणीतरी खाकरलं. पुतण्या म्हणाला, "चाचा, राजधानीतून पाठवलीय. आम्हाला घेऊन जायला."

"आत कोण बसलंय?"

"ड्रायव्हर. आणि एक... एक साहेब आहेत."

"वर्दीत?"

"साध्या कपड्यांत."

"बूट बघितलेस त्यांचे?"

"काळे. लष्करी," पुतण्या म्हणाला.

"बरं. त्यांना चहा दिलात का?"

"दिला," भाऊ म्हणाला. "हे काय विचारतोस?"

"अब्बांच्या किटलीतून दिला?"

"दुसरी किटली आहे कुठे घरात!"

सदरसाहेबांचा हात वास्कटाच्या आत, बिल्ल्यावर गेला होता. तोंडातून वाफ येत होती आणि मला वाटलं, आता ते हो म्हणणार. मीना बाजारात शेरवानी तयार होती. अंगणात जांभूळ होतं.

"मग आपलं काम झालं, भाईजान," ते म्हणाले. "आपल्या घरी आलेल्याला चहा द्यायचा. त्याच्या गाडीत बसायचं नाही. अब्बांनी एवढंच शिकवलं आणि मला दुसरं काही येत नाही. कप धुऊन ठेवा. माझं मत नको."

फोन बंद झाला. मग ग्रेगरी दात वाजवत म्हणाला, "सर, आता बाहेर जाऊ या का? की यावरही मतदान?"

"आमच्या पक्षात फूट पडायलाही माणसं पुरत नाहीत," असं सदरसाहेब नेहमी अभिमानाने सांगायचे. ते खोटं ठरलं. तासाभरात थोरले भाऊ आणि पुतण्या निवडून आलेल्या दुसऱ्या सदस्याला घेऊन त्या गाडीत बसले आणि त्यांनी आपली वेगळी किटली काढली. गेलेल्या तिसऱ्या जागेची मतं फेरमोजणीत सापडली, तीही त्यांच्याकडे गेली. सरकार बनलं. टीव्हीवर पुतण्या शपथ घेताना दिसला. सदरसाहेबांनी तो शपथविधी पूर्ण बघितला आणि म्हणाले, "शेरवानी ढगळ झालीय पोराला. माझ्या शिंप्याकडे यायला हवं होतं."

मूळ पक्षात उरले मामा, वकील आणि रास अल खोरचे सदरसाहेब. जागा एकही नाही. आम्हाला वाटलं, आता काही दिवस तरी हा माणूस गप्प बसेल. सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला, "केक घेऊन ये."

शाजीने विचारलं, "कँडल कितना?"

मी आकडा सांगितला. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचं तोंड उजळलं. "झीरो? मतलब नया बेबी? अभी पैदा हुआ?"

"हां," मी म्हणालो. "अभी पैदा हुआ." त्याने वरून चॉकलेटची दोन फुलं फुकट लावली. तेवढं एक त्याला मी खरं सांगितलं असं मला वाटतं.

त्या दिवशी सदरसाहेब ती नवी शेरवानी घालून ऑफिसात आले. बाहेर कांद्याची पोती उतरत होती आणि हे शपथविधीला निघाल्यासारखे. आमच्या मुदीरने, म्हणजे अरब मालकाने, दारातून डोकावून विचारलं, "हबीबी, आज कुणाचं लग्न?" सदरसाहेब म्हणाले, "वाढदिवस आहे, साहेब." मालकाने मेणबत्तीकडे पाहिलं, शेरवानीकडे पाहिलं, आणि "यल्ला, मबरूक" असं अभिनंदन करत एक मोठा तुकडा घेऊन गेला. आम्ही गाणं म्हटलं. इतक्या जोरात आधी कधी म्हटलं नव्हतं. केरळ आणि फिलिपिन्स दोघेही बाजूला उभे होते आणि एसी कितीवर होता ते कुणी बघितलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांचं वय झालं, व्हिसा संपला आणि ते घरी गेले. सल्लागार म्हणून नाही, दोन बॅगा आणि एक वास्कट घेऊन. एअरपोर्टवर मला म्हणाले, "तुझी मागणी मान्य झाली, मराठे. उशिरा झाली, पण कुणाच्या मेहेरबानीने नाही झाली." आणि त्यांच्या खणात सापडलेली ती अर्धवट वितळलेली शून्याची मेणबत्ती माझ्या हातात ठेवली. घरी पोचल्यावर त्यांनी जांभळांचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आंबट निघाली.'

गेल्या आठवड्यात माझी मुलगी दहा वर्षांची झाली. शाजीकडे एकची मेणबत्ती होती, शून्याची संपली होती. मी ऑफिसात येऊन हाच खण उघडला, दारावर टकटक करून. संध्याकाळी केकवर कोरा करकरीत एक आणि शेजारी वाकडा झालेला शून्य.

"बाबा, व्हाय इज द झीरो ऑलरेडी बर्न्ट?"

"तो अंकलचा आहे," मी म्हणालो.

"ही वॉज झीरो?"

"हो. आणि शेरवानी घालून."

तिने फुंकर मारली. मी फोटो काढला आणि काही न लिहिता सदरसाहेबांना पाठवला. तिकडे त्यांची जेवणाची वेळ असेल. पण उत्तर लगेच आलं, आवाजातच. मागे भांड्यांचा खडखडाट, कुणीतरी पोर ओरडत होतं.

"मराठे! दहा जागा? कुठून आणल्यास? सांभाळून रहा, आता तुझ्याकडे गाडी येईल!"